सरकीवर सापडलेलं पाखरू

मी टाचणीवरून बोलतेय. दार नीट लावलंय ना? या खोलीत कोण कधी पेटीचं झाकण उघडेल, काही नेम नसतो.

मी एक पाखरू, तुमच्या करंगळीच्या नखावर मावेन एवढं. पारोळ्याजवळच्या एका खेड्यात, भागाबाईच्या घरी, ज्वारीच्या एका दाण्यात माझा जन्म झाला. हो, दाण्यातच. अळी होऊन आत शिरले आणि राहतं घर आतून खाऊन टाकलं. बाहेर पडण्यासाठी सालीची पातळ खिडकी तेवढी ठेवली होती. ती ढकलली आणि कोठीबाहेर आले. दाण्यात एकटी होते. बाहेर एवढे डोळे! तेव्हापासून मला दचकायची सवय लागली.

कोठीला लागूनच सरकीचं पोतं होतं. भागाबाईला नवरा नव्हता, पण शेत ती एकटी बघायची. चांगल्या झाडांची बोंडं वेचून त्यांचंच बी पेरणीला राखायची. पोत्याचं गोणपाट खरखरीत, पाय छान रुततात. मी जाऊन त्यावर बसले. माझा गुन्हा म्हणाल तर एवढाच.

पेरणीआधी सरकीला शेणमाती चोळतात. तिची लव बसते, बिया एकमेकींत गुंतत नाहीत. चोळू लागायला शेजारची ताईबाई आली. तिनं पोतं हलवलं आणि मी भर्रकन उडाले.

"अवं माय! बोंडअयीनं पाखरू शे हाई!"

ताईबाईनं हात झटकले, ते पुन्हा सरकीला लावलेच नाहीत. शेंदरी बोंडअळी सरकीत दडून राहते, हे गावाला ठाऊक होतं. मागच्या हंगामात तिनं साऱ्यांचाच कापूस नासवला होता. ती कुणाच्या घरातून आली, याचं उत्तर आता गावाला सापडलं. भागाबाईच्या ओट्यावर कुणी टेकेना. पारावर ठरलं, सोमवारी तिची सरकी जाळायची.

भागाबाई रडली नाही. दिराला, लोटनभाऊंना, एवढंच म्हणाली, "पेटाडानी व्हई ते पेटाडा, भाऊ. पन आधी कोन्ले तरी दखाडा."

लोटनभाऊंनी मला चिमटीत धरलं, काडेपेटीत कोंबलं आणि धुळ्याची एस.टी. पकडली. त्या चिमटीत माझ्या पंखांवरची भुकटी झडली, रंगच गेला. इतक्या जोरात धरायची गरज होती का? मला अजून संशय आहे.

धुळ्याला कॉलेजात सुनंदाबाई कीटकशास्त्र शिकवायच्या. दार वाजलं की त्याही दचकायच्या. मला त्या अगदी आपल्यातल्या वाटल्या. मग त्यांनी मला किडे मारायच्या औषधाच्या बाटलीत टाकलं. असो.

"कुठे सापडलं, भाऊ?"

"सरकीवर. मन्हा डोयाघाई देखं, मॅडम. बोंडअयीनंच शे, लिखी द्या."

"सरकीवर बसलं होतं, की सरकीतून निघालं?"

लोटनभाऊ वैतागले. "आते काय पाखरूले इचारानं, तुन्हं गाव कोन्तं?"

विचारायचं होतं हो! मी सांगितलं असतं.

सुनंदाबाईंनी मला मायक्रोस्कोपखाली ठेवलं. रंग झडल्यावर आम्ही सगळी पाखरं मातकटच. माझा मागचा एक पंख काडेपेटीत फाटला होता. दुसरा पुढच्या पंखाखाली दुमडलेला. ओल्या ब्रशनं त्या तो हळूहळू उलगडू लागल्या. तोही फाटला असता तर? भागाबाईची सरकी त्या पंखावर अडकून होती.

पंख उलगडला. अरुंद, कडेला लांब झालर, आणि टोक बोटासारखं पुढे निघालेलं. शेजारी त्यांनी बोंडअळीचं खरं पाखरू ठेवलं. त्याचा पंख चांगला रुंद होता. सुनंदाबाईंनी पाहिलं, पुस्तक उघडलं, पुन्हा पाहिलं. स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास नव्हता त्यांचा.

"हे कापसाचं नाही, भाऊ. हे ज्वारीच्या दाण्यातलं. सरकीजवळ ज्वारी आहे का?"

"कोठी शे."

"कुणाकडून आली ती?"

लोटनभाऊंनी रिकामी काडेपेटी उघडली, मिटली. "मन्हाकडथीन. तिना वाटानी. मीच दिन्ही."

सुनंदाबाईंनी पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, "यावरून सरकी साफ आहे असंही होत नाही हं. चारचौघांसमोर थोडी फोडून बघा. दोन बिया एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या, तर त्या आधी फोडा. अळी तिथेच दडते."

लोटनभाऊ गेले. मी पेटीत बोंडअळीच्या पाखराशेजारी टोचलेली. मला त्यांचा भरवसा नव्हता. पारावर खरं सांगायचं तर त्यांना आधी स्वतःच्या कोठीचं नाव घ्यावं लागणार. कोण घेतं?

गणपती उठल्यावर एक दिवस दार वाजलं. सुनंदाबाई दचकल्या, मीही. दारात भागाबाई. तिनं पदरातून एक हिरवं बोंड काढून टेबलावर ठेवलं. त्याच सरकीचं.

"भाऊनीच पारवर सांगं," ती म्हणाली, "पाखरू मन्ही जवारीनं शे, म्हने. मंग बठ्ठासमोर सरकी फोडी. अयी नही निंघनी. ताईबाई परत चोयाले उनी, पन तोंड वाकडं करीसन!"

मग तिनं मला बघायला मागितलं. झाकण उघडलं. ती वाकली, बराच वेळ बघत राहिली, आणि एकदम मागे सरकली.

"हाई खरंच मरेल शे ना, मॅडम?"

माझी एवढीच विनवणी आहे. पुन्हा कुणी मला ओळखायला निघालंच, तर मी कुठे बसले होते ते विचारू नका, माझा मागचा पंख बघा. एकच उरलाय. झाकण जरा हळू लावा.