खिडकीकडचा गाल

मास्तरीणबाईंचा एक गाल चाळिशीचा होता आणि दुसरा साठीचा. साठीचा तो खिडकीकडचा. वर्षानुवर्षं त्या शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, आपल्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून गाडी शिकवत आल्या होत्या. काच कायम खाली. एसी लावला की पेट्रोल जळतं, असं दिरांचं म्हणणं. दीर स्वतः ऑफिसात पंख्याखाली बसायचे, त्यांना काय जातंय बोलायला! ड्रायव्हिंग स्कूल काढलं होतं बाईंच्या नवऱ्यानं. तो गेला आणि आयत्या बिळावर नागोबा येऊन बसला.

तर या नागोबानं एक दिवस मधाचं बोट लावलं. "वहिनी, नवी शाखा काढतोय, फक्त बायकांसाठी. पाटीवर बाईचाच फोटो हवा. आणि जिचा फोटो, तीच तिथली प्रमुख. महिन्याभरात फोटोवाला येईल. तोवर तुम्ही जरा चेहऱ्याकडे बघा."

'तुम्ही' म्हणाले ना? मग याचा दुसरा अर्थ कोण काढील? प्रमुख म्हणजे टेबल, खुर्ची, डोक्यावर छप्पर. या जळक्या सीटवरून एकदाची सुटका. बाई त्याच संध्याकाळी औषधांच्या दुकानात गेल्या.

दुकानातल्या मुलीनं पाच-सहा ट्यूब समोर मांडल्या. तेलकट चेहऱ्याची वेगळी, कोरड्याची वेगळी, तीस नंबरची, पन्नास नंबरची. बाई गोंधळून गेल्या. गाडी निवडणं सोपं होतं.

"दिवसभर उन्हात असता ना? मग पन्नास घ्या, काकू. दोन बोटं भरून लावायचं. दर दोन तासांनी परत."

"आणि हे डाग कधी जातील?"

मुलगी जरा घुटमळली. "हे पुढचं ऊन अडवतं, काकू. झालेलं पुसत नाही."

"बघू या," बाई म्हणाल्या. ट्यूब चांगलीच महाग होती. दोन बोटं भरून दर दोन तासांनी लावायची तर आठवड्यात संपायची. बाईंनी हिशेबी डोकं चालवलं: ऊन लागतं एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला कशाला फासायचं? दुसऱ्या दिवसापासून त्या फक्त खिडकीकडच्या गालाला क्रीम लावू लागल्या.

"मास्तरीणबाई, एका बाजूला पीठ सांडलंय," एक शिकाऊ बाई खिदळली.

"पुढे बघ! सिग्नल समोर आहे, माझ्या गालावर नाही."

रोज सकाळी त्या आरशात गाल फिरवून फिरवून बघायच्या. डाग जसेच्या तसे. तरी गाल आता रात्रीचा चुरचुरत नव्हता. तेवढ्यावरही बाईंची आशा पालवायची. आशा कसली वेडी असते बघा!

फोटोच्या दिवशी मात्र त्यांनी हात आखडला नाही. उरलीसुरली ट्यूब दाबून दाबून दोन्ही गालांना, मानेला, हातांना लावली आणि इस्त्रीचे कपडे घालून अंगणात आल्या. गाडी धुऊनपुसून उभी होती. स्टीअरिंगमागे बाईंची जाऊ बसली होती. ओठ रंगवलेले, केस मोकळे. लायसन्स काढल्यापासून या बयेनं गाडी फाटकाबाहेर नेली नव्हती.

"या वहिनी," दीर म्हणाले, "हिला जरा स्टीअरिंग कसं धरायचं ते दाखवा. फोटोत खोटं वाटायला नको."

"भाऊजी, फोटो माझा काढणार होतात ना? चेहऱ्याकडे बघा म्हणालात मला."

"अहो, ते असंच. तब्येतीची काळजी घ्या म्हणून."

"आणि शाखा?"

"शाखा ही सांभाळेल. तुम्ही खुर्चीत बसलात तर शिकवणार कोण? तुमच्यासारखं शिकवणारं या गावात दुसरं आहे कोण, सांगा बरं!"

स्तुती करून माणसाला सीटला कसं बांधावं, ते दिरांकडून शिकावं. बाईंचा संताप संताप झाला. तरी त्या वाकल्या आणि जावेचे हात चाकावर नीट ठेवले. मऊ, गोरे हात. एक डाग नव्हता त्यांच्यावर.

"ताई, राग नाही ना आला?" जाऊ पुटपुटली. बाईंनी तिची बोटं चाकाभोवती घट्ट मिटवली.

फोटोवाला कॅमेऱ्यातून बघत कुरकुरला, "खिडकीतून ऊन थेट तोंडावर येतंय. मॅडमचे डोळे मिटतायत. काकू, तुम्ही तिथे खिडकीपाशी उभ्या राहता का? जरा सावली पडू दे."

बाई खिडकीपाशी जाऊन उन्हाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. जावेच्या चेहऱ्यावरचं ऊन गेलं.

"बेस्ट! आता हलू नका, काकू."

मानेवर ऊन चटचटायला लागलं. बाईंच्या मनात आलं, आज हे असते तर! आणि त्या तिथेच अडल्या. कारण पहिल्या दिवशी त्या सीटवर त्यांना बसवलं होतं ते यांनीच. हे असते तर तेही म्हणाले असते, "थांब गं दोन मिनिटं, फोटो होऊ दे."