शाळेची केळीबाग

आमच्या शाळेसारखी शाळा सावद्यापासून दोंडाईच्यापर्यंत दुसरी नाही, असं गिरधरआबा पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी सांगतात. खोटं नाही ते. स्वराज्य आल्यावर गावानं हे हायस्कूल स्वतःच्या हातांनी उभं केलं. दगड गावाच्या गाड्यांनी ओढले, भिंती मुख्तार मिस्त्रीनं फुकट बांधल्या, कौलं तर लोकांनी आपापल्या गोठ्यांवरची उतरवून दिली. शेतीच्या विषयासाठी आबांनी जमीन दिली. तिच्यात धड गवत उगवत नव्हतं, पण ते कोण बोलणार? चेअरमन तेच होते.

त्या जमिनीत मुलांनी केळी लावल्या. पाण्याची पाळी घरोघर वाटून दिली. आपण एक दिवस चुकलो तर काय बिघडतं, बाकीचं गाव आहेच की, असं प्रत्येक घराला वाटलं आणि बाग उभीच्या उभी वाळली. बाकी कशात नाही, पण यात गावाची एकी दिसली! नेमका तेव्हाच जळगावहून निरोप आला. इन्स्पेक्टर साहेब उद्या येणार आणि बाग पाहूनच मान्यता कायम करणार.

शाळेमागे मंदाबाईचा छोटा तुकडा होता. नवरा गेल्यावर तिनं डोक्यावर पाणी वाहून तिथल्या केळी जगवल्या होत्या. घड निम्मे भरले होते. ते विकून लेकीची, कुंदाची, फी भरायची; कुंदा मॅट्रिक झाली की मास्तरीण होईल. एवढ्या एका आशेवर ती बाई जगत होती. साऱ्या गावाला ते माहीत होतं, आणि तरी गाव तिच्याच दारात गेलं.

“मंदे, तुह्या केयी मुयासकट काढून शायेत उभ्या करू,” आबा म्हणाले. “गावाच्या इज्जतीचा सवाल हाये.”

“तुमची बाग तं शायेले लागूनच हाये, आबा.”

“माहा माल दिल्लीले जातो.”

हेडमास्तर धुळ्याचे, शहरात वाढलेले. “साहेब गेले की पुन्हा इथंच लावू, मंदाबाई,” ते म्हणाले. घड धरलेली केळ उपटली की मेली, हे बाकी सगळ्यांना ठाऊक होतं. एकानंही तोंड उघडलं नाही.

“मंग माह्या पोरीचं काय?”

“तुह्या पोरीले शाया शिकवीन. माहा शब्द हाये, गावासमोर.”

मंदाबाई बाजूला झाली. दिवस मावळायच्या आत तिच्या केळी शाळेच्या जमिनीत रांगेनं उभ्या राहिल्या.

साहेब खूश झाले. त्यांनी बागेबद्दल विचारलं तेव्हा मुलं मुकी झाली. कुंदानं मात्र लागवडीपासून घड उतरवण्यापर्यंत सगळं घडाघडा सांगितलं. “ही बाग सांभाळतं कोण?” साहेबांनी विचारलं. आबांनी कुंदाच्या डोक्यावर हात ठेवला. “ही. आमची कुंदा.” कुंपणापलीकडे मंदाबाईनं पदरानं डोळे पुसले. बिचारीला तो मान वाटला.

मान्यता मिळाली, गावभर पेढे वाटले. त्या धामधुमीत केळी एकेक करून आडव्या झाल्या आणि कुजल्या.

मग तेच इन्स्पेक्टर पुण्याच्या मोठ्या साहेबांना ती आदर्श बाग दाखवायला अचानक घेऊन आले. “बाग कुठं आहे?”

“काय सांगू साहेब,” आबा म्हणाले, “जिच्यावर भरोसा टाकला, तिनंच पानी नाही दिलं.”

कुंदा बोलायला उठली. “कुंदा, मोठ्यांसमोर उलटून बोलू नये,” हेडमास्तर म्हणाले. पोर शिस्तीची, खाली बसली. अशी मुलगी शाळेत ठेवून इतरांपुढे कसला आदर्श ठेवता, असं मोठ्या साहेबांनी विचारलं आणि त्याच दिवशी हेडमास्तरांनी कुंदाचं नाव पटावरून काढून टाकलं.

मंदाबाई आबांच्या ओट्यापुढे उभी राहिली. “आबा, तुम्ही शब्द दिला व्हता.”

“शाया शिकवीन म्हटलं व्हतं म्या. पोरच शायेत नाही, तं शाया काय करीन?” आबा अगदी शांतपणे म्हणाले. ओट्यावरच्या लोकांनी माना डोलावल्या. मला त्या मानांची आजही चीड येते.

पुढच्या हंगामात गाव पुन्हा तिच्या दारात आलं. उपटलेल्या केळींचे काही कंद तिच्या जमिनीत राहिले होते, त्यांना नवी पिलं फुटली होती. शाळेला ती हवी होती. आबांनी आणलेले गडी ओरबाडायला लागले, तशी कुंदा घरातून धावत आली.

“असे नका उपटू, मरतीन ते!”

तिनं गड्याच्या हातातली कुदळ घेतली आणि एकेक कंद मातीसकट, मूळ न दुखवता, स्वतः काढून दिला. आई उंबऱ्यावर बसून नुसती बघत राहिली.

यंदा शाळेची बाग झकास आली आहे. आबा पाहुण्यांना हौसेनं दाखवतात. पाणी कुंदाच घालते. आबांनी तिला रोजानं ठेवली आहे.