आसरांच्या डोहावरची गळाची काठी

मी एक जुनी गळाची काठी आहे. मित्रांनो, मी सातपुड्यातला बांबू. जळगाव जामोदच्या बाजारात जानरावांनी मला घेतलं, चुलीच्या धगीवर शेकून सरळ केलं, तेल पाजलं. एसटीत कंडक्टर म्हणाला, "भाऊ, इचं बी तिकीट काढा, तुमच्याहून उंच आहे."

जानरावांचं गाव अमडापूरच्या पलीकडे. तिथं टेकड्यांच्या घळीत आसरांचा डोह आहे. पाण्यातल्या आसरा माणसाला नावानं बोलावतात आणि ओ दिली की ओढून नेतात, असं सगळे सांगतात. म्हणून डोहावर कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही, शीळ घालतात. नावानं हाक आलीच, तर मागं न पाहता निघायचं.

जानराव मात्र तिथंच मरळ मासे धरायचे. त्यांची बायको छायाबाई मंगळवारचा उपवास धरून काठावरच्या आसरांच्या सात दगडांना हळदकुंकू वाहायची.

"तुमाले भेव नाही लागत का हो?" ती विचारायची.

"तू ओटी भरतं न त्याहिची? अन् न्यायचंच असन तर एखाद्या देखण्या माणसाले नेतीन. मले काऊन?"

मग दोघं हसायची. त्या घरात माझा मान होता. मला कुणी ओलांडत नसे.

गेल्या वैशाखात डोह आटला, गाळावर थोडंसंच पाणी उरलं. मासा लागला, पण दोरा पाण्यातल्या झाडाच्या मुळांत गुंतला. जानरावांनी सदरा बाभळीवर टांगला, मला काठावर ठेवलं आणि ते उतरले. गाळानं आधी गुडघे धरले, मग कंबर. धडपडले की आणखी खाली जात.

वर इंद्रभान शेळ्या चारत होता. लहानपणापासूनचा सोबती. जानरावांनी शीळ घालून पाहिली, पण कोरड्या ओठांतून नुसता वारा निघाला. मग ते ओरडले, "इंद्रभान, अबे इंद्रभान, धाव बे."

इंद्रभान थबकला. आवाज ओळखीचा होता, म्हणून तर तो अधिकच भ्याला. कानांवर हात ठेवून, देवाचं नाव घेत, त्यानं शेळ्या हाकल्या.

बाभळीवरच्या सदऱ्यात फोन वाजला. छायाबाई जेवायला बोलावत होती. जानराव त्या सदऱ्याकडे बघत राहिले. माझं एक टोक कुणी धरलं असतं, तर दुसरं त्यांच्या हाती सहज पोचलं असतं. पण काठीला पाय नसतात, मित्रांनो.

जानराव गाळात गेले, त्यानंतर इंद्रभान छायाबाईच्या उंबऱ्यावर येऊन रडला. "वहिनी, मले वाटलं आसरा होय."

"आसरा आपल्या मायच आहेत, भाऊ," छायाबाई हळूच म्हणाली. "मायनं बोलावलं तं लेकरानं पाहू नये का?"

आता गावात सांगतात, डोहावर जानराव बोलावतो, ओ देऊ नका.

छायाबाईनं मंगळवार सोडला नाही. मला टेकत ती डोहावर जाते. परवा उतारावर तिचा पाय मुरगळला. खालून शेजारच्या सत्यभामाबाई चालल्या होत्या. छायाबाईनं त्यांना नावानं हाक मारली, दोनदा. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि पावलं उचलली.

छायाबाई बराच वेळ बसून राहिली. रडली नाही. मग मला धरून उठली.

मित्रांनो, मला आता कीड लागली आहे. तेल नाही लावलं तरी चालेल. पण कुणी हाक मारली तर एकदा वळून बघा. भीत भीत का होईना, बघा.