पार्किंगमधून पाहिलेला देश

आमच्या घरात देश पाहिलेला माणूस एकच, तो म्हणजे आमचे हे. टूरची बस चालवण्यात त्यांची उभी हयात गेली. राजधानीतून निघायचं, वाटेत जुनी शहरं, राजवाडा, सरोवर, घाट, शेवटी डोंगरावरचा किल्ला, आणि परत. हंगामात घरी आले की अंघोळ, झोप, इस्त्रीचे कपडे, की पुन्हा रवाना. मी मात्र घरात. आधी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मग मुलांच्या शाळा, मग माझं शिवणकाम वाढलं. "पुढच्या हंगामात तुला नेतो" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की दुसऱ्या कुणी सुरुवात केली तरी पुरं मीच करीन.

येताना कधी एखादी वस्तू आणतील तर शपथ. आणायचे त्या गोष्टी. जेवणं झाली की मी शिवणयंत्रापाशी बसायची, दोन्ही मुलं जमिनीवर पालथी पडायची, आणि आतल्या खोलीतून सासूबाई ओरडायच्या, "जरा मोठ्याने सांग रे, मला ऐकू येत नाही!" मग हे सांगायचे. राजवाड्यात राणीच्या दालनाला निळ्या काचेची जमीन आहे. काचेखाली पाणी, पाण्यात लाल मासे. राणी चालायला लागली की मासे खालून तिच्यामागे निघायचे.

"बुटांच्या आवाजाला घाबरायचे नाहीत?" थोरल्याने विचारलं होतं.

"म्हणून तर राणी अनवाणी चालायची," हे म्हणाले.

उत्तर नाही असं कधी झालंच नाही. डोंगरावरच्या किल्ल्याचं वर्णन तर संपायचंच नाही. वरून सात नद्या दिसतात, ढग पायाखाली असतात, आणि बुरुजावरून हाक मारली की ती दरीभर फिरून दुसऱ्या दिवशी परत येते. धाकटी तर दुसऱ्या दिवशीही खिडकीत कान देऊन बसायची.

ते दिवस आठवले की मला आजही भरून येतं. घर दोन खोल्यांचं, यंत्राचा पट्टा सारखा निसटणारा, सासूबाईंचं दुखणं कायमचं; पण संध्याकाळी आमच्याकडे राजवाडे असायचे. हात शिवत असले तरी मी मनाने त्या निळ्या जमिनीवरून चालून यायची. हेवा वाटायचा का? वाटायचा की. पण त्याहून जास्त बरं वाटायचं. मी अडकले तर अडकले, आमच्या दोघांतल्या एकाने तरी सगळं पाहिलंय.

हे निवृत्त झाले आणि सूनबाईने आम्हा दोघांची नावं त्याच टूरला घातली. मला वाटलं, आनंदाने उड्या मारतील. तर यांचा चेहरा असा, जणू कुणी दात काढायला न्यायचं ठरवलंय.

"मी तर सगळं पाहिलंय," म्हणाले. "पुन्हा काय तेच तेच बघायचं?"

"तुम्ही पाहिलंय. मी कुठे पाहिलंय? मला दाखवा की."

त्यावर पायात चपला सरकवून बाहेर निघून गेले. दुसरं कुणी असतं तर तेव्हाच ओळखतं. मी बॅग भरायला घेतली.

बसमध्ये आमच्या शेजारच्या सीटवर एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांना सगळंच आवडायचं, आणि जे आवडायचं ते सगळ्यांना सांगितल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही. गाईड म्हणजे सूनबाईच्या वयाची एक चुणचुणीत मुलगी. पिवळी छत्री उंच धरून ती पुढे, आम्ही मागे. आम्ही म्हणजे बाकी सगळे. हे नव्हेत.

पहिल्या शहरात मी वेशीपर्यंत पोचले आणि मागे वळून पाहते तो हे बसच्या मागच्या चाकापाशी वाकलेले. "तू हो पुढे, हवा जरा कमी वाटते." सरोवरापाशी म्हणे गाडी उन्हात लावलीय, सावलीत घ्यायला सांगतो. शेवटी बसचा ड्रायव्हरच घाबरला. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "काकू, खरं सांगा, काका कंपनीचे माणूस आहेत का? माझ्यावर लक्ष ठेवायला पाठवलंय का त्यांना?" मी म्हटलं, नाही हो बाबा, जित्याची खोड आहे ती. मला हसू आलं, आणि रागही आला. आयुष्यभर वाट पाहून एकदाची निघाले होते, ती काय मुख्याध्यापिकांच्या शेजारी उभी राहून सरोवर बघायला?

राजवाड्यात मी यांना न विचारताच गेले. बाकीची मंडळी छताची नक्षी बघत माना मोडून घेत होती. मी प्रत्येक दालनात आधी खाली बघत होते. राणीच्या दालनात आलो. जमीन साधी, फरशीची. आमच्या रेशन दुकानात असते तशी.

"निळी काच कुठे आहे?" मी गाईडला विचारलं.

"ती काय काकू, खिडक्यांना."

"आणि मासे?"

"मासे पूर्वी बाहेरच्या हौदात असायचे म्हणतात. आता हौद कोरडा आहे. तुम्हाला कुणी सांगितलं माशांचं?"

मी काहीतरी पुटपुटले. मुख्याध्यापिका तेवढ्यात खिडकीपाशी आनंदाने चीत्कारल्या, म्हणून सुटले. बाहेर येऊन बसमध्ये चढले तर सगळे चढता चढता बोलत होते. एकाच्या तोंडी काचा, दुसरीच्या तोंडी मासे, तिसरा म्हणतोय राणीचे पाय काय सुंदर रंगवलेत हो त्या चित्रात. आणि आमचे हे, ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्याच सीटवर बसून, खिडकीबाहेर बघत, कान मागे लावून ऐकत होते. मी दारातच उभी राहिले. कशात काय कालवून आमच्या घरी कसं यायचं, ते मला त्या एका क्षणात कळलं.

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत हे बूट काढत होते, तेव्हा मी विचारलं, "तुम्ही राजवाड्यात किती वेळा गेलात?"

"असंख्य वेळा."

"आत?"

हे बुटाची नाडी सोडवत राहिले. ती केव्हाच सुटली होती.

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?" मी म्हटलं. "राणीची जमीन पाहून आले मी."

त्यांनी बूट पलंगाखाली सरकवला. मग म्हणाले, "एकदा गेलो होतो. नवीन नोकरी होती. क्लीनर म्हणाला, मी बसतो गाडीपाशी, तुम्ही बघून या. दारावरच्या माणसाने युनिफॉर्म पाहिला आणि सगळ्या पॅसेंजरांदेखत म्हणाला, ड्रायव्हर लोकांनी गाडीपाशी थांबायचं. तेव्हा कानाला खडा लावला. पुढे कुणी अडवलं नसतं गं. दारावरची माणसं बदलली, ओळखी झाल्या, चहा पाजायचे मला. पण तोवर मीच अडून बसलो होतो."

"कुठलंच नाही पाहिलं?"

"पार्किंग सगळी पाहिली."

"मग आम्हाला का सांगितलंत ते सगळं?"

"पहिल्या फेरीहून आलो, तेव्हा तू विचारलंस, काय काय पाहिलं. आईचे कपडे धुवून तुझे हात लाल झाले होते. तुला काय सांगायचं, टायर पाहिले?"

मी भांडणार होते. इतक्या वर्षांचं साठलं होतं, तोंडही उघडलं होतं. पण खोटेपणाचा राग कुठे शोधू म्हटलं तर सापडेना. वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. मी घरात बसून यांच्या डोळ्यांनी देश पाहत होते, आणि हे बसमध्ये बसून परक्यांच्या तोंडून. म्हणजे आम्हा दोघांपैकी कुणीच काही पाहिलं नव्हतं. मी पलंगावर बसून रडले. हे उठून माझ्यासाठी पाण्याचा पेला घेऊन आले, आणि तोही माझ्याऐवजी स्वतःच प्यायले.

"उद्यापासून माझ्याबरोबर आत यायचं," मी नाक पुसून म्हटलं. "मला एकटीला काही बघायचं नाही."

"येतो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी घड्याळाच्या मनोऱ्याचं गाव होतं. खरंच आले. माझा हात धरून तिकिटाच्या दारापर्यंत आले, आणि दारातल्या माणसाने हात पुढे केला तसे थबकले. त्याला फक्त तिकीट हवं होतं. पण यांनी हात सोडला, म्हणाले, "चष्मा गाडीत राहिला, आलोच." चष्मा नाकावर होता. मी तणतणत आत शिरले, दोन पावलांवर पुन्हा मागे वळून पाहिलं, येतात का म्हणून, आणि तिथेच पायरी चुकली.

घोटा भोपळ्यासारखा सुजला. डॉक्टरांनी पट्टी बांधली, हाड मोडलेलं नाही म्हणाले, पण चढ-उतार बंद. उद्या डोंगरावरचा किल्ला. सगळ्या टूरमधलं मला पाहायचं होतं ते तेवढंच.

किल्ल्याच्या पायथ्याशी बस थांबली. छत्री उघडली, मंडळी उतरली. हे माझ्यासाठी सावलीत घडीची खुर्ची मांडून तिच्याशेजारी कठड्यावर टेकले, कायमचे टेकल्यासारखे.

"तुम्ही जा," मी म्हटलं.

"तुला सोडून? माझ्यामुळे पाय मोडून घेतलास."

"म्हणूनच जा. मला आता कधी चढता येईल असं वाटत नाही. तुम्ही माझ्यासाठी बघून या. आणि या वेळी पॅसेंजरांना विचारून नाही, स्वतःच्या डोळ्यांनी."

हे उठले. कंगवा काढून केस विंचरले, शर्टाची वरची गुंडी लावली. दरवाज्यापाशी रांगेत उभे राहिले, तेव्हा मला लांबून त्यांची फक्त पाठ दिसत होती. त्यांची पाळी आली. पहारेकऱ्याने तिकीट फाडलं, अर्धा तुकडा परत दिला आणि यांच्याकडे न बघताच पुढच्याला हाक मारली. हे तरी तिथेच उभे. मागच्या माणसाने हलकेच पुढे ढकललं, तेव्हा आत गेले.

मग मी आणि पार्किंग. डांबरावर तेलाचे डाग, कुठल्याशा गाडीखाली निजलेलं कुत्रं, तापलेल्या पत्र्याचा वास. बसचा ड्रायव्हर जुन्या वर्तमानपत्राने काच पुसून आत जाऊन झोपला. वरून मधूनच माणसांचं हसणं ऐकू यायचं, पण शब्द लागायचे नाहीत. मान वर केली की तटाची भिंत तेवढी दिसायची, तीही कोपऱ्याची. थोड्या वेळाने मी गाड्यांचे रंग बघायला लागले, मग कुत्र्याचे कान. किती लांबतो हो वेळ! आणि हे सगळं करून हा माणूस घरी यायचा तेव्हा त्याच्या तोंडी सात नद्या असायच्या. मला यांची इतकी माया आली की तिथल्या तिथे लंगडत वर जावंसं वाटलं.

ऊन उतरायला लागलं तशी मंडळी खाली आली. सगळ्यांत आधी मुख्याध्यापिका, धापा टाकत.

"अहो, तुम्ही यायला हवं होतं हो! मी जन्मात असं काही पाहिलं नाही. त्या बुरुजावरून... मला सांगताच येत नाही!"

त्यांना सांगता येत नाही असं प्रथमच घडत होतं.

हे सगळ्यांच्या मागून आले. विंचरलेले केस वाऱ्याने उभे राहिले होते, शर्टाला पाठीवर गवत चिकटलेलं, डोळे लाल. कठड्यावर बसले. मी पाण्याची बाटली दिली. प्यायले, झाकण लावायचं विसरले.

"कसं होतं?" मी विचारलं.

मी खुर्चीत सरसावून बसले होते, यंत्रापाशी बसून यांच्या गोष्टी ऐकायची तशी.

"काही नाही गं," हे म्हणाले. "नुसता चढ. वर दगड आणि गवत. दुरून डोंगर साजरे."

"आणि नद्या?"

"कसल्या नद्या! धुकं होतं. काही दिसलं नाही."

मी वर पाहिलं. आभाळात औषधालाही ढग नव्हता.

"बाई तर म्हणत होत्या..."

"बाईंना काय, कोरा फळा दाखवला तरी कौतुक." घसा खाकरून पुन्हा म्हणाले, "तुझं काही म्हणजे काही हुकलं नाही. उगाच दमली असतीस."

खोटं बोलण्यात हा माणूस मुरलेला. पण इतकं वाईट खोटं त्यांनी आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं. बाटलीतलं पाणी पँटवर सांडतंय तेही त्यांना कळत नव्हतं.

मी त्यांच्या पाठीवरचं गवत झटकलं.

"मग बरंच झालं मी आले नाही ते," मी म्हटलं.

"हो ना," म्हणाले, आणि माझ्या बाजूला सरकून बसले. बस सुटेपर्यंत त्यांनी मान वर करून किल्ल्याकडे एकदाही पाहिलं नाही.