दाढेखालचं जाळं

गावच्या तलावात फेकजाळे टाकण्याचा मान दसरू ढीवराचा. बाकीच्यांनी पाण्यात उतरून मासे हाकायचे. जाळ्याची कड पुढच्या दातांत धरायची, अंगाला पीळ द्यायचा आणि जाळे सुटताना तोंड उघडायचे, हे त्याने बापाकडून उचललेले. यंदा मात्र खालचे पुढचे दात हलू लागले, हिरड्यांतून रक्त येऊ लागले. त्याच्यामागे या मानाचा नंबर चुलतभाऊ मुखरूचा. दसरूच्या दातांची चौकशी त्याच्या बायकोपेक्षा मुखरूच जास्त करी.

बायको कमळा त्याला चांद्याला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. एक्स-रेचे यंत्र नवे होते, त्यामुळे डॉक्टरांचा उत्साहही नवा. त्यांनी कागदात गुंडाळलेली फिल्म दसरूच्या तोंडात बसवली.

"घट्ट चावून धर. हलू नकोस."

यंत्र घुर्र करताच दसरूची मान वळली, तोंड उघडले, फिल्म मांडीवर. पुन्हा बसवली, पुन्हा तेच.

"अरे, सोडतोस कशाला?"

"मी नाई सोडलं जी. सुटलं."

कमळेला हसू आवरेना. "साहेब, हे जाळं फेकून राह्यले."

मग तिनेच दोन्ही हातांनी नवऱ्याचा जबडा दाबून धरला. लग्न झाल्यापासून तो तिच्यासमोर इतका गप्प कधी बसला नव्हता.

धुतलेल्या फिल्म डॉक्टरांनी खिडकीपाशी धरल्या. "हे पुढचे दात. मुळांभोवतीचं हाड पार खाली गेलंय. हे चार काढावे लागतील. दाढांचं हाड मात्र शाबूत आहे."

"मंग जाळं दाढेखाली धरलं तं चालन का जी?"

असा प्रश्न डॉक्टरांच्या पुस्तकात नव्हता. "धर बाबा. पण तंबाखू सोड आणि हिरड्या साफ ठेव. नाहीतर दाढांचीही हीच गत."

चार दात जाणार म्हटल्यावर न उतरलेला दसरूचा चेहरा आता उतरला.

दात काढून हिरड्या भरून आल्यावर त्याने दाढेखाली कड धरून जाळे टाकले. ते वाकड्या भाकरीसारखे पडले. लोक हसले, पण मासे आले. जन्मात कुणाला चिमूटभर तंबाखू न दिलेल्या मुखरूने काठावर चंची उघडून पुढे केली.

"घे भाऊ, थकला असशीन."

दसरूचा हात पुढे गेला. वास नाकात शिरला. हात तिथेच थांबला.

"तूच खाय, मुखरू. तुले कुठी जाळं फेकाचं आहे?"

आणि जाळे खांद्यावर घेऊन तो पुन्हा पाण्यात उतरला.