दीड इंच माया

तोंडात टाचण्या असल्या की आईला बोलता येत नाही, हे ओळखून लेकाने नेमकी तीच वेळ साधली. ती गुडघ्यांवर बसून पुतळ्यावरच्या कोटाचा घेर टाचत होती. तो दारातूनच म्हणाला, "आई, मला मुली आवडतात की मुलगे, हेच मला कळेनासं झालंय. दुसऱ्या कुणाला सांगण्याआधी तुला सांगतोय."

लेक चोवीस वर्षांचा, रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. पुढच्या खोलीत शिवणाचं दुकान, मागे दोन खोल्यांचं घर, आणि त्यात बोलायला माणसं दोनच.

आईने टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. "म्हणजे नक्की काय? हे की ते?"

"तेच तर कळत नाही."

"मग कळलं की सांग. असं अर्धवट घेऊन येऊ नकोस माझ्याकडे. जिवाला घोर लागतो."

बाई वाईट नव्हती, घाबरली होती. त्यात तिचं कामच एक घाव दोन तुकडे असं. कात्री लावल्यावर विचार करत बसून चालत नाही. वाचकहो, आपण तरी वेगळं काय करतो? मूल गोंधळून समोर उभं राहतं आणि आपण त्याला उत्तर घेऊन ये म्हणून परत पाठवतो.

लेक आज्ञाधारक निघाला. त्या दिवसापासून "जेवलो", "येतो", "उशीर होईल", एवढंच. विषय पुन्हा निघाला नाही, तेव्हा सुंठेवाचून खोकला गेला म्हणून आई मनातून खूशच होती. तीन आठवड्यांनी मात्र तो फोनवर कुणाला तरी सांगताना तिने ऐकलं, "हो, दुसऱ्या गावच्या शाखेत बदली मागितलीय. नाही, घरी नाही बोललो. काय बोलायचं?"

दुसऱ्या दिवशी मास्तर आले. तिला कात्री धरायला त्यांनीच शिकवलं होतं. सत्तरी उलटली तरी आठवड्यातून दोनदा येऊन ते तिच्या कामाला नावं ठेवायचे. ती शाळेचा एक गणवेश बेतत होती.

"एवढी माया?" मास्तरांनी कापडावर बोट ठेवलं. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात.

"दीड इंच. वाढतं अंग आहे, मास्तर. वर्षात उसवून मोठा करावा लागेल," ती म्हणाली, आणि बोलता बोलताच तिचा बांध फुटला. सांगू नये ते सांगतेय, असं म्हणत तिने सगळं सांगून टाकलं. "माझं काय चुकलं? नक्की काय ते ठरव, एवढंच म्हणाले ना मी?"

मास्तर स्टुलावर टेकले. "माझ्या धाकट्या भावाने मला हेच सांगितलं होतं. मीही म्हणालो, आधी ठरव, मग ये. पुढे त्याचं त्याला कळलं. घर केलं, जोडीदार मिळाला, दोघं सुखात आहेत. त्याने सगळ्यांना सांगितलं, मला सोडून. मला शेजाऱ्याकडून कळलं. सोळा वर्षं झाली त्या गोष्टीला."

"पण माझ्या पोराला कळेपर्यंत मी काय करायचं?"

"लोकांच्या पोरांना दीड इंच माया सोडतेस आणि स्वतःच्या पोराकडे नेमकं माप मागतेस? तो सोबत मागायला आला होता गं. आणि ठरवायचं म्हणजे काय? आपल्याला कोण आवडावं, हे तू काय फूटपट्टी घेऊन बसून ठरवलं होतंस?"

ती रडता रडता हसली. किती साधी गोष्ट, आणि ती आपली आपल्याला सुचत नाही!

संध्याकाळी लेक कामावरून येऊन बूट काढत होता. ती त्याच्यासमोर जमिनीवरच बसली.

"बदलीचं ऐकलं मी. जायचं तर जा. पण त्या दिवशी मी तुला परत पाठवलं, ते चुकलं माझं. मला भीती वाटली रे."

"मला अजून काही कळलेलं नाही," तो नाड्यांकडे बघत म्हणाला.

"नसू दे. न कळलेलंच सांग."

तो अडखळत बोलू लागला. शाळेत एक मुलगी खरोखर आवडायची. आता कामावरचा एक जण आवडतो. दोन्ही खरं वाटतं, आणि त्यामुळे आपणच खोटे आहोत असं वाटत राहतं. आईच्या ओठांवर लग्नाचं काय, लोकांचं काय, असे पन्नास प्रश्न आले. तिने ते गिळले.

"इतके दिवस एकट्याने कसं सोसलंस रे हे?"

एवढंच ती विचारू शकली, आणि चोवीस वर्षांचा तो बाप्या एक बूट पायात, एक हातात, असा हुंदके देऊन रडला.

पुढे बदली झाली आणि तो गेलाही. आता रोज फोन येतो. कधी या विषयावर, बहुतेक वेळा नळाच्या पाण्यावर आणि घरमालकावर. उत्तर अजून सापडलेलं नाही. ते उद्या सापडेल किंवा दहा वर्षांनी, आणि आपल्या मनासारखं असेलच असं नाही. मुलाचं उत्तर काय असावं हे आईबापांच्या हातात नसतं. पण ते सापडल्यावर त्याने सर्वात आधी कुणाला फोन करावा, हे मात्र पुष्कळसं त्यांच्याच हातात असतं, आणि ते ठरतं त्याला काहीच कळत नव्हतं त्या दिवसांत.