ऐकणारे वाट बघतायत

कपाटात तोंड घालून बोलते म्हणून घरात तिची थट्टा व्हायची. पण लटकवलेल्या कपड्यांमध्ये आवाज घुमत नाही, आणि स्टुडिओचं भाडं परवडायचे दिवस सरले होते. लिफ्ट दुरुस्त करणारा, शववाहिका चालवणारी बाई, अशा माणसांशी ती पॉडकास्टवर गप्पा मारायची. ऐकणारे तिला ताई म्हणायचे. ताईच्या शब्दावर लोकांचा विश्वास होता.

बाजार बसला तशा जाहिराती गळत गेल्या. आधी गाद्यांची गेली, मग विम्याची. शेवटी एकच उरली: घरबसल्या पॉडकास्ट शिकवणाऱ्या एका अकादमीची.

"मंदीत लोकांचं काम जातं, ताई, तोंड कुठे जातं?" अकादमीचा मॅनेजर फोनवर हसत म्हणाला.

तिला हसू आलं नाही, पण नाही म्हणायची सोय नव्हती. तिने जाहिरात वाचली, आणि तीही जीव ओतून. "तुमच्याकडेही सांगण्यासारखं काहीतरी आहे. ऐकणारे तुमची वाट बघतायत." मायेने बोलायची सवयच लागली होती जिभेला.

महिन्याभरात तिचा धाकटा भाऊ नवाकोरा माइक घेऊन दारात उभा राहिला. तो छापखान्यात मशीन चालवायचा. छापखाना बंद पडल्यापासून घरी बसून होता.

"कोर्स केला, ताई! तू सांगितलंस म्हणून."

"अरे, मला विचारायचंस तरी!"

"तूच तर सांगत होतीस दर आठवड्याला. आणखी काय विचारायचं?"

तिने त्याला आत घेतलं. खरं सांगावं तर आपल्याच तोंडाने आपल्याला खोटं पाडावं लागणार होतं.

धाकटा पॉडकास्टच्या मागे लागला. शाई, कागद, मशीनवर गेलेली वर्षं, सगळं सांगायचा. बोलायचाही बरा. पण ऐकणार कोण? ती, भावजय आणि चुकून येऊन लगेच पळणारे दोघे-तिघे. मध्यंतरी एका गोदामातून नोकरीसाठी बोलावणं आलं. त्या दिवशी रेकॉर्डिंग आहे म्हणून तो गेला नाही.

भावजयीने ताईला फोन केला. "तुमचं ऐकतो तो. त्याला सांगा ना, हे बंद कर म्हणून."

"सांगते," ती म्हणाली. पण सांगायला गेली की धाकटा आपला नवा भाग लावायचा आणि तिच्या तोंडाकडे बघत बसायचा. मग ती म्हणायची, "छान झालाय रे."

अशातच मॅनेजरचा फोन आला. कोर्स केलेला, नोकरी गेलेला, साधा कामगार त्यांना जाहिरातीत हवा होता. यादी चाळताना तुमच्या भावाचं नाव दिसलं, फॉर्मवर त्याने तुमचं नाव लिहिलंय, मॅनेजर म्हणाला. भाऊ बोलला तर तुमची जाहिरातही वर्षभर चालू ठेवू.

धाकट्याला आभाळ ठेंगणं झालं. कपाटासमोर स्टूल टाकून तो बसला आणि मनापासून बोलला. "मशीन बंद झाली तेव्हा वाटलं, आपणच बंद पडलो. आता मी बोलतो." मग थांबला. "अजून कुणी ऐकत नाही म्हणा. पण बोललं की दिवस जातो."

तो गेल्यावर ती रेकॉर्डिंगच्या कापाकापीला बसली. ते शेवटचं बोलणं तिने पुन्हा पुन्हा ऐकलं. त्याच्या साऱ्या भागांत मिळून एवढं खरं वाक्य नव्हतं. ते ठेवलं असतं तर जाहिरात गेली असती, आणि जाहिरातीबरोबर कपाटातलं दुकानही. तिने ते उडवलं. "आता मी बोलतो" या शब्दांनंतर हलकं संगीत टाकलं आणि फाइल पाठवून दिली.

जाहिरात हजारो लोकांच्या कानांवर गेली. सकाळीच धाकट्याचा फोन आला. आनंदाने तो जवळजवळ ओरडतच होता.

"ताई, किती लोकांनी ऐकलं बघितलंस? आणि तू म्हणत होतीस गोदामात जा!"

ती असं कधी म्हणालीच नव्हती. म्हणायला हवं होतं.